डाव्या डोळ्याची ताटली

लखनौत माझं सगळं आयुष्य गेलं, पण भर बाजारात अनोळखी माणसाची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवणारा माणूस मी एकच बघितला. निशातगंजात भाजीवाला भेंडी तोलत असायचा आणि आमचे डॉक्टर त्याला म्हणायचे, "भैया, जरा ऊपर देखना." भैया वर बघायचा. त्याला वाटायचं, तारेवर माकड असेल. डॉक्टर खिशातली पेनाएवढी बॅटरी काढून आधी एका डोळ्यात मारायचे, मग दुसऱ्या, आणि लॉटरी लागल्यासारखे खूश होऊन म्हणायचे, "वाह! एक पुतली बड़ी, एक छोटी. पता था?" पुतली म्हणजे डोळ्यातली बाहुली.

भैया तराजू खाली ठेवायचा. "कोई बीमारी है, डॉक्टर साहब?"

"बीमारी होती तो मैं इतना खुश होता? बिल्कुल ठीक हो. भेंडी दो."

डॉक्टर आपले मराठी होते, कोल्हापूरकडचे. सरकारी दवाखान्यातून लवकर बाहेर पडले आणि निशातगंजात एका गल्लीत वर राहायला, खाली दवाखाना, असं त्यांनी मांडलं. बायको वारलेली, मुलगी पुण्यात. घरात बोलायला कुणी नाही म्हणून असेल, पण आपला माणूस भेटला की मराठी अशी सुटायची की मधे श्वास घेत नसत. आणि एवढं बोलत असताना त्यांचं लक्ष तुमच्या तोंडाकडं नसायचं. तुमचे डोळे सोडून बाकी तुम्ही त्यांना दिसतच नव्हता. माझी मिशी मी एकदा काढली, तर ते त्यांना पुढच्या दिवाळीत कळलं.

त्यांच्या दवाखान्यात एक उलटी पद्धत होती. रोगी आला की त्याला बाकावर बसवायचे आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला आधी आत घ्यायचे. सून सासूला घेऊन आली की सून आत. नवरा बायकोला घेऊन आला की नवरा आत. लोक भांडायचे. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. "रोगी थांबेल, त्याला गरज आहे. धडधाकट माणूस एकदा रस्त्याला लागला की परत हाताला लागत नाही." आणि त्या धडधाकट माणसाच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घालून त्याला अर्धा दिवस आंधळ्यासारखा घरी पाठवायचे. आलेली सासू बरी आणि सून तिचा हात धरून चाचपडत चाललीय, हे मी स्वतः बघितलंय.

हे सगळं कशासाठी, तर ताटल्यांसाठी.

दवाखान्याच्या तिन्ही भिंतींवर ताटल्या होत्या. लखनौशेजारच्या चिनहट गावच्या, मातीच्या, वरून काच चढवलेल्या. आपण जेवायला घेऊ तेवढ्या. प्रत्येकीवर माणसाच्या डोळ्याचं आतलं, पाठीमागचं चित्र. डॉक्टर यंत्रातून बघून रंगीत पेन्सिलींनी कागदावर काढायचे आणि मग चिनहटचा एक कुंभार त्यांच्यासमोर ते ताटलीवर उतरवून भाजायचा. सगळीकडं नारिंगी रंग, त्यात एका बाजूला पिवळसर गोल, आणि त्या गोलातून झाडाच्या फांद्यांसारख्या लाल शिरा. लांबून सगळ्या सारख्या. जवळ गेलं की एकसारख्या दोन मिळायच्या नाहीत. एकीवर शिरा सरळ, एकीवर दारू प्यायल्यासारख्या वळत गेलेल्या. एकीवर गोलाच्या कडेला कोंबडीच्या पिसासारखा पांढरा फराटा. एकीवर तीळ. होय, डोळ्याच्या आत तीळ! एकीचा रंग वाघाच्या कातड्यासारखा पट्ट्यापट्ट्यांचा. आणि या सगळ्या निरोगी माणसांच्या. आजारी डोळ्याला त्या भिंतीवर जागा नव्हती.

चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यातली एक म्हातारी बेगम यायची, बुरख्यातून एकेक ताटली बघत. एकदा तिनं विचारलं, "डॉक्टर साहब, ये इतने सारे चाँद किसके हैं?"

डॉक्टर म्हणाले, "चाँद नहीं, आँखें हैं. ये तीसरी वाली आपके दामाद की है."

बेगमनं जवळ जाऊन बघितलं. "तभी," ती म्हणाली. "मैं न कहती थी, उसकी नजर टेढ़ी है."

"टेढ़ी नहीं है, बेगम साहिबा. उसकी अपनी है."

हे त्यांचं लाडकं बोलणं. अपनी है. ज्याची त्याची. त्यांच्या टेबलावर जाडजूड पुस्तक असायचं, त्यात डोळ्याचं रंगीत चित्र होतं. ते चित्र मला दाखवून म्हणाले होते, "गलाईवाले, हा डोळा बघून घ्या. सगळे डॉक्टर हाच शिकतात. मी पण शिकलो. पण हा डोळा आजपर्यंत मला कुणाच्या तोंडावर सापडला नाही."

मला ते गलाईवाले म्हणायचे. आधी सोनारसाहेब म्हणाले, तेव्हा मी खडसावलं. सोनार दागिना घडवतो. आम्ही सोनं गाळतो, त्यातलं हीण काढून शुद्ध करतो. आमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं या धंद्यात हिंदुस्थानभर गेलीत. मी चौथी अर्धी सोडून आलो आणि चौकाजवळच्या गल्लीत मुशीसमोर बसलो, तो बसलोच. शाळा झाली नाही म्हणून माझं काही अडलं नाही. सोनं वितळलं, वरची साय बाजूला सरकली आणि आतून ती हिरवट झाक मारली की समजायचं, आता उतरवा. ही झाक क्षणभर असते. ती माझ्या डोळ्याला कळते. माझ्या मुलाला अजून कळत नाही, तो कितीही यंत्रं घेऊन येऊ दे.

तर हा डोळाच गेला असं मला सांगण्यात आलं, म्हणून मी डॉक्टरांकडं गेलो.

झालं असं. चष्म्याचा नंबर काढायला मुलानं मला चारबागकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं आत बघितलं आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, काला मोतिया. आपल्याकडं काचबिंदू म्हणतात तो. हळूहळू, न कळता नजर खातो. गेलेली परत येत नाही. मुलगा माझा भला आहे, पण घाईचा. रिक्षातच म्हणाला, "अण्णा, आता भट्टी बंद. तेजाबाच्या वाफा आणि तो जाळ, बस झालं. तुम्ही गावी जा, आराम करा."

गावी काय आहे माझं? गावात मी पाहुणा. देवळासमोर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "कधी आलास, कधी जाणार" एवढंच विचारणारा म्हातारा व्हायचं होतं काय मला? मी म्हणालो, "माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही." मुलगा म्हणाला, "डॉक्टरला तुमच्यापेक्षा कळतं." ते मला झोंबलं. तेव्हा कुणीतरी या ताटलीवाल्याचं नाव सांगितलं. म्हणालं, वेडा आहे, पण मराठी आहे.

मुलगा मला घेऊन गेला. त्यामुळं पद्धतीप्रमाणं आधी मुलगा आत गेला आणि डोळे चोळत बाहेर आला. मग मी. डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मी म्हणालो, "बोला, काय ते." ते म्हणाले, "आणि दुसरा?" मला वाटलं, मला विचारतायत. मला नव्हते विचारत. ते स्वतःला विचारायचे. कुणाचाही एक डोळा बघून झाला की त्यांच्या तोंडून हे यायचंच. एका तोंडावरचे दोन डोळेसुद्धा जुळे नसतात, सख्खे भाऊ असतात, असं ते म्हणायचे.

दोन्ही बघून झाल्यावर त्यांनी मला समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. त्या पिवळसर गोलाच्या मधे एक खळगा असतो. कुणाचा मुगाएवढा, कुणाचा नाहीच. माझा खळगा मोठा, गोलाचा मोठा भाग त्यानंच खाल्लेला. काचबिंदूत खळगा वाढत जातो, म्हणून तो दुसरा डॉक्टर घाबरला. पण काही लोकांचा खळगा जन्मापासूनच मोठा असतो, आणि ते शंभरी गाठेपर्यंत सुईत दोरा ओवतात.

"मग माझा कुठला?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आज तुम्हाला पहिल्यांदा बघतोय. खळगा वाढलाय की एवढाच होता, हे पहिल्या दिवशी सांगणारा एक तर देव असेल, नाहीतर गाढव. डोळ्यातला दाब बरा आहे. बाजूची नजर तपासू. आणि आज जसा आहे तसा काढून ठेवू. पुढच्या वर्षी या. जुळवून बघू."

मुलानं विचारलं, "तोपर्यंत भट्टी?"

"भट्टीचं काय? भट्टीनं खळगा होत नाही. चालू दे."

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचा झालो. बाहेर येऊन मुलाला म्हणालो, "ऐकलंस?" तो डोळ्यांवर हात धरून उभा होता. त्याला बाहेरचं ऊन सहन होत नव्हतं.

माझ्या ताटल्या भाजायच्या होत्या तेव्हा मी हट्टानं चिनहटला गेलो. माझा डोळा दुसऱ्याच्या भट्टीत जाणार आणि मी घरी बसणार, हे जमणार नव्हतं. फैजाबाद रोडला मोठे कारखाने आहेत, त्यांच्या मागं तो कुंभार राहायचा. बुटका, दाढीला मेंदी लावलेला, डॉक्टरांना जन्माचा कंटाळलेला. त्यानं आव्यातून ताटली काढली ती गुळासारखी तपकिरी. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "मियाँ, ये आँख है या गुड़ की भेली? दुबारा बनाओ!"

कुंभार म्हणाला, "डॉक्टर साहब, आप आँख में आग लगाते नहीं, मैं लगाता हूँ. मुझे करने दीजिए."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, गप बसा. गरम असताना रंग खोटा असतो. आमच्या सोन्याचं पण तसंच. गार होऊ द्या, मग भांडा."

तिघं जण झाडाखाली चहा पीत बसलो. ताटली गार होत गेली तसा गूळ उतरला आणि आतून नारिंगी वर आला. हुबेहूब माझ्या भट्टीच्या तोंडाचा रंग. डॉक्टर लहान पोरासारखे ती ताटली तोंडाजवळ घेऊन फुंकर मारत बसले. कुंभार माझ्याकडं बघून म्हणाला, "ये साहब आदमी समझदार हैं." मी म्हणालो, "आहेच."

इथवर सगळं गोड. भांडण ताटलीच्या पाठीवरून झालं.

ताटली भिंतीवर लावायच्या आधी डॉक्टर तिच्या पाठीमागं ब्रशानं लिहायचे. उजवा की डावा, आणि खाली एकच शब्द, निरोगी. सगळ्यांच्या ताटल्यांवर होता. भेंडीवाल्याच्या होता, बेगमच्या जावयाच्या होता. माझ्या मुलाच्यासुद्धा होता. माझ्या दोन्ही ताटल्यांवर उजवा, डावा एवढंच. खाली कोरं. त्या भिंतीवर टांगल्या पण नव्हत्या. कपाटावर ठेवल्या होत्या, पाहुण्याच्या बॅगेसारख्या.

मी दर वर्षी जायचो. डॉक्टर डोळ्यात बघायचे, ताटली मांडीवर घेऊन बघायचे, पुन्हा डोळ्यात. "आहे तसंच आहे." मी म्हणायचो, "मग लिहा." ते म्हणायचे, "अजून नाही."

चार-पाच वर्षं हे ऐकून घेतलं. मग एकदा मी बोललो. सगळा बाक ऐकत होता. "डॉक्टरसाहेब, रस्त्यावरच्या कुणालाही तुम्ही एका बैठकीत निरोगी लिहून देता. मी दर वर्षी तुमच्या उंबऱ्यावर येतो, तर माझ्या वेळी शाई संपते काय? घरी मुलगा रोज विचारतो, लिहिलं का डॉक्टरनं. मी काय सांगू?"

डॉक्टर म्हणाले, "चिनहटला तुम्हीच म्हणाला होता ना, गरम असताना रंग ठरवू नये?"

"ती ताटली होती."

"हा डोळा आहे. ताटली चुकली तर दुसरी भाजता येते."

"म्हणजे तुम्हालाही वाटतंय, मला काचबिंदू आहे."

"मला काहीच वाटत नाही, गलाईवाले. मी बघतोय."

मी छत्री उचलली आणि निघालो. मागून त्यांचा आवाज आला, "पुढच्या वर्षी या हं!" मी मागं वळून बघितलं नाही. पुढच्या वर्षी मात्र गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? सगळ्या लखनौत माझा डोळा बघून गावी जा न म्हणणारा एवढाच माणूस होता.

मग एके दिवशी त्यांची मुलगी आली आणि त्यांना पुण्याला घेऊन जायचं ठरलं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, जिने चढवत नव्हते. जायच्या आधी ते गल्लोगल्ली फिरले, हमालाच्या डोक्यावर ताटल्यांची टोपली देऊन, आणि ज्याची आँख त्याला देऊन आले. भाजीवाल्यानं ती देवाच्या फोटोशेजारी लावली. बेगमच्या जावयाला मात्र सासूनं ती बैठकीत लावू दिली नाही म्हणे.

माझ्या दुकानात आले तेव्हा टोपली रिकामी होती. पिशवीतून एकच ताटली काढून माझ्यासमोर ठेवली. उजवी.

"आणि दुसरी?" आता मीच विचारलं.

"दुसरी माझ्याजवळ. तुमचा निकाल लागलेला नाही. जोडी एका घरात ठेवली तर एका दिवशी दोन्ही फुटतील. मग जुळवणार कशाशी?"

"इतरांना जोड्या दिल्यात."

"इतरांचं काम झालं."

पाठ उलटून बघितली. कोरी. मी रागानं ताटली फळीवर ठेवली, ते गेले तेव्हा उठलो पण नाही. नंतर तीच ताटली भट्टीच्या वर खिळा ठोकून लावली, पण ते त्यांना सांगायला गेलो नाही.

त्यांच्यानंतर मी कुठल्या डोळ्याच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही. बरीच वर्षं. मला दिसत होतं, झाक कळत होती. मुलगा बोलून दमला.

परवाच्या हिवाळ्यात चष्मा फुटला, म्हणून नवीन नंबर काढायला जावं लागलं. नातीनं नेलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. "आजोबा, चलिए न, पाँच मिनट का काम है." पाच मिनिटं कसली, अर्धा दिवस गेला. तरुण बाई डॉक्टर होती. तिनं मशीनवर हनुवटी ठेवायला सांगितलं, लख्ख उजेड झाला आणि समोर टीव्हीवर माझे दोन्ही डोळे, आतून. नारिंगी. मी ओळखलेच. ती मात्र गंभीर झाली.

"बाबूजी, दोनों आँखों में काला मोतिया लग रहा है. कप बहुत बड़ा है. आज से ही इलाज शुरू करना पड़ेगा." कप म्हणजे तोच माझा खळगा.

संध्याकाळी घरी तेच सगळं. मुलगा म्हणाला, "आता दोन डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा, आता मी ऐकणार नाही. भट्टीची किल्ली द्या." मी किल्ली दिली नाही. दुसऱ्या दिवशी भट्टीवरची ताटली उतरवली, काजळी पुसली, पंच्यात गुंडाळली आणि परत त्या बाईकडं गेलो. मुलगा मागून आला, लाजत.

"डॉक्टरनी बेटा, हे बघा," मी म्हणालो. "जुना डोळा. आणि तुमचा टीव्ही लावा."

हसेल असं वाटलं. नाही हसली. ताटली हातात घेतली, फिरवली. "ये हाथ से बनाई है? किसने?" मी सांगितलं. ताटली पडद्याशेजारी धरून ती एकेक शीर बोटानं मोजल्यासारखी बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बाबूजी, इतने सालों में कप जरा भी नहीं बढ़ा. किनारा वैसा ही है. ये आँख शायद ऐसी ही बनी है." माझी छाती फुगली. मी मुलाकडं बघितलं.

मग ती म्हणाली, "और दूसरी?"

दुसरी पुण्यात.

मुलानं फोन लावला. डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता, पण मी आहे म्हणल्यावर पहिलं वाक्य, "किती वर्षं कुणाला दाखवलं नाहीत?" मी फोन मुलाच्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "सर, डाव्या ताटलीचा फोटो काढून पाठवा ना, व्हॉट्सॲपवर."

"फोनवर रंग खोटे येतात," डॉक्टर म्हणाले. "मी येतो."

त्यांची मुलगी आमच्यावर किती चिडली असेल ते मला माहीत आहे, कारण तिनं फोन करून सांगितलं. पण ती पण आलीच, त्यांना सोडायला. चारबाग स्टेशनात गाडी लागली तेव्हा मी डब्याशी उभा होतो. डॉक्टर उतरले ते वाळलेल्या शेंगेसारखे, अंगात दोन स्वेटर, आणि तिसरा स्वेटर ताटलीला गुंडाळलेला. हमाल ती घ्यायला पुढं झाला तर त्याला दिली नाही. उलट त्याच्याकडं थोडं बघितलं आणि म्हणाले, "भैया, जरा ऊपर देखना." प्लॅटफॉर्मवर, त्या गर्दीत! हमालानं वर बघितलं. मला एवढं बरं वाटलं, की काय सांगू.

बाई डॉक्टरच्या खोलीत आम्ही पाच जण. ताटली पडद्याशेजारी. डॉक्टर खुर्ची ओढून पडद्याच्या इतके जवळ बसले की नाक लागेल. बाई उभी. मग डॉक्टरांनी ताटलीवर खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं एक बारीक शीर खळग्याच्या काठाला चिकटून वळत होती, विहिरीच्या कठड्यावरून माणूस चालावा तशी. पडद्यावर तीच शीर होती. पण तिच्या बाहेर खळगा होता. कठडा मागं सरकला होता आणि शीर मधेच उघडी पडली होती.

"दिखा?" डॉक्टर म्हणाले.

"जी सर," ती म्हणाली. "नीचे का किनारा गया है."

तिनं त्याच दिवशी बाजूच्या नजरेची तपासणी केली. डाव्या डोळ्याला वरच्या कोपऱ्यात थोडी जागा दिसत नव्हती. मला कधी कळलंच नव्हतं. उजवा अख्खा.

म्हणजे पहिला डॉक्टर चूक आणि मीही चूक. उजवा माझा असाच घडलेला, आणि डाव्याला, मागाहून, खरंच काचबिंदू लागला होता. दोन्ही मिळून एक निकाल मागत बसलो होतो मी इतकी वर्षं. बाई म्हणाली, लवकर सापडलाय, रोज थेंब टाकायचे, वेळच्या वेळी दाखवायचं, नजर राहील. मुलानं भट्टीचं विचारलं. ती म्हणाली, "भट्टी से इसका लेना-देना नहीं. दवा मत छोड़िएगा, बस." मुलानं माझ्याकडं बघितलं नाही, पण किल्लीचं परत काढलं नाही.

निघताना डॉक्टर तिच्याकडं वळले. "बेटी, तुम्हारी बाईं आँख में एक फाँक भूरी है, बाकी काली. मालूम है?"

ती हसली. काळ्या बुबुळाची एक फाक खरंच तपकिरी होती. "जी सर, बचपन से. शादी के वक्त बहुत सुनना पड़ा."

"अपनी है," डॉक्टर म्हणाले.

दुकानात येऊन त्यांनी ब्रश मागितला. उजव्या ताटलीच्या पाठीवर लिहिलं, निरोगी. अक्षर वाकडं आलं. मग डावी उलटी करून तिच्या कोऱ्या पाठीकडं बघत बसले.

मी म्हणालो, "बरं केलंत, लिहिलं नाही ते."

ते म्हणाले, "मला लिहायचं होतं हो."

डावी ताटली त्यांनी परत नेली नाही. आता ती इथं पाहिजे, रोज डोळ्यासमोर, असं म्हणाले. दोन्ही भट्टीच्या वर आहेत, शेजारी शेजारी, एक लिहिलेली, एक कोरी. गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मी सांगतो, माझे डोळे आहेत. काही जण दुसऱ्या दुकानात जातात.

रोज संध्याकाळी भट्टी निवायला लागली की पुण्याहून फोन येतो.

"टाकला का थेंब?"

"टाकला."

"कुठल्यात?"

"डाव्यात."

"आणि दुसरा?"

"दुसरा निरोगी."

एवढं ऐकलं की ते फोन ठेवतात.